शिसपेन्सिलीत शिसे नसते

पत्र : सप्रेम नमस्कार. मी परळला राहतो आणि गेली अठरा वर्षे वायरमनचे काम करतो. माझा मुलगा आठवीत आहे. सहामाही परीक्षेत त्याला चार पदार्थ देऊन ‘धातू की अधातू ते कारणासह लिहा’ असा प्रश्न आला होता. त्याने लिहिले की पारा अधातू आहे, कारण तो द्रव आहे. सोडिअम अधातू आहे, कारण तो चाकूने कापता येतो. आयोडीन धातू आहे, कारण त्याला चकाकी आहे. आणि ग्रॅफाइट धातू आहे, कारण त्यातून वीज वाहते. चारही उत्तरे चुकली. शेवटच्या उत्तराचा दोष माझ्याकडे येतो, कारण शिसपेन्सिलीच्या दोन्ही टोकांना मल्टीमीटर लावून मीच त्याला कंटिन्युइटी दाखवली होती आणि ‘वीज जाते म्हणजे आत धातू आहे’ असे सांगून बसलो होतो. आता तो विचारतो की पुस्तकातलेच नियम लावले तर उत्तर चूक कसे? खरी कसोटी कोणती ते कळवावे. शाळेत जाऊन बाईंना भेटावे, की सरळ यादी पाठ करून घ्यावी, हेही सांगावे.

उत्तर : आपले पत्र मन लावून वाचले. चिरंजिवांची चारही उत्तरे चुकली आहेत आणि बाईंनी गुण कापले ते रास्तच आहे. तरीसुद्धा यादी घोकून पूर्ण गुण मिळवलेल्या उत्तरपत्रिकेपेक्षा मला ही उत्तरपत्रिका अधिक आवडली, कारण त्याने प्रत्येक उत्तरापुढे कारण दिले आहे आणि ते प्रत्येक कारण आपापल्या जागी खरे आहे. पारा द्रवच असतो, सोडिअम चाकूने कापला जातो, आयोडिनाचे स्फटिक चकाकतात आणि ग्रॅफाइटमधून वीज जाते. त्याची चूक एवढीच झाली की एकाच साक्षीदाराचा जबाब घेऊन त्याने निकाल देऊन टाकला.

पुस्तकात धातूंचे जे गुणधर्म दिलेले असतात, ते शास्त्रज्ञांनी ठरवण्याच्या फार आधी कारागिरांनी ऐरणीवर ठरवलेले आहेत. पायधुनीजवळच्या तांबाकाट्याच्या बाजारात भांड्यांच्या राशी पाहिल्या की ते चटकन ध्यानात येते. ठोकल्यावर पत्रा पसरतो ती वर्धनीयता, ओढल्यावर तार निघते ती तन्यता, आणि हातोडी पडताच ठणठणाट होतो ती नादमयता. सोने, रुपे, तांबे, लोखंड या मंडळींना हे नियम चपखल बसत, म्हणून ते नियम झाले. (शिसे मात्र तेव्हाही ठणठणत नव्हते आणि आजही बद्दच वाजते, त्याच्याकडे सगळ्यांनी काणाडोळा केला.) पुढे १७८९ साली फ्रान्समध्ये लाव्हाझिए यांनी मूलद्रव्यांची पहिली नीटस यादी केली तेव्हा तीत ३३ नावे होती आणि त्यांपैकी १७ धातू होते. त्याच यादीत प्रकाश आणि उष्णता हीदेखील मूलद्रव्ये म्हणून नोंदलेली होती, हे चिरंजिवांना आवर्जून सांगावे.

घोटाळा सुरू झाला तो १८०७ साली. लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने पोटॅशिअम आणि सोडिअम वेगळे केले. ताजा काप घेतला तर चांदीसारखी चकाकी, वीज उत्तम वाहणार, म्हणजे सगळी लक्षणे धातूची. पण वजन पाहावे तर पाण्याहून हलके आणि मऊपणा मेणासारखा. धातू म्हटला की तो जड असणारच, ही तोवर सर्वांची खात्री होती. त्यामुळे यांना धातू न म्हणता ‘धातूसारखे’ म्हणावे, असे पुढच्याच वर्षी सुचवले गेले. म्हणजे आपल्या चिरंजिवांनी सोडिअमबाबत जी शंका काढली, तीच दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या जाणत्या लोकांनीही काढली होती. अखेर जडपणाची अट सोडून द्यावी लागली आणि सोडिअम धातूंच्याच पंगतीला बसला. लिथिअम तर त्याहून हलका, पाण्याच्या जेमतेम निम्म्या घनतेचा, आणि तोही धातूच आहे.

आता एकेक साक्षीदार तपासू. घन की द्रव, हा सर्वांत कच्चा. गॅलिअम हा धातू २९.८ अंश सेल्सिअसला वितळतो आणि सीझिअम २८.५ अंशांना, म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीत जो गॅलिअम घट्ट गोळा असतो तोच परळच्या मे महिन्यातल्या दुपारी बशीत पसरलेला सापडेल. त्याची जात हवामानखात्याने ठरवायची असे तर आपण म्हणणार नाही! पारा उणे ३८.८ अंशांना गोठतो आणि गोठल्यावर इतर धातूंप्रमाणे ठोकताही येतो. आपल्याकडे एवढी थंडी कधी पडत नाही, म्हणून आपल्याला तो कायम द्रव दिसतो, इतकेच. उलट ब्रोमीन हा द्रव असूनही पक्का अधातू आहे. कठीणपणाची साक्षही अशीच फिरते, कारण साऱ्या मूलद्रव्यांत सर्वांत कठीण असलेला हिरा हा अधातू कार्बनचे रूप आहे. चकाकीचे काय सांगावे! आयोडीन चकाकतो, पण त्याचा स्फटिक हातोडीखाली पसरत नाही, चुरा होतो, आणि तापवला की जांभळी वाफ होऊन उडून जातो.

उष्णतावहनाच्या बाबतीत मुंबईतलेच उदाहरण देतो. ऑपेरा हाउसच्या किंवा वांद्रे-कुर्ला संकुलाच्या हिरेबाजारात व्यापाऱ्यांच्या खिशात पेनाएवढे एक यंत्र असते. त्याचे तापलेले टोक खड्याला टेकवायचे. काच असेल तर उष्णता तिथेच घुटमळते, हिरा असेल तर ती झरकन निघून जाते आणि यंत्र तसा इशारा देते. हिरा तांब्याच्या सुमारे पाचपट वेगाने उष्णता वाहून नेतो. वीज मात्र त्यातून जात नाही, कारण हिऱ्यात उष्णता नेण्याचे काम इलेक्ट्रॉन करीत नाहीत, तर घट्ट जखडलेल्या अणूंच्या जाळीतून जाणारी कंपने करतात. म्हणून ‘उष्णतेचा सुवाहक तो धातू’ हा नियम हिऱ्यापुढे नुसता अडखळत नाही, साफ आडवा होतो.

राहिली वीज, आणि इथे आपला विषय येतो. आपण मल्टीमीटर लावून जे दाखवलेत ते खरे होते. चुकले ते पुढचे वाक्य. मुळात शिसपेन्सिल हे नावच आपल्याला फसवते, कारण तिच्यात शिसे औषधालाही नसते. ग्रॅफाइटची पूड आणि माती मळून, भाजून ती कांडी केलेली असते. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू एकावर एक रचलेल्या पातळ थरांत बसतात, प्रत्येक अणूचे तीन इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशी बंध करण्यात गुंततात आणि चौथा त्या थरात मोकळा हिंडतो. वीज वाहते ती या चौथ्यामुळे. हिऱ्यात चारही इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले असल्यामुळे तिथे वाहायला कोणी उरत नाही. मिक्सरच्या मोटारीत आपण जे कार्बन ब्रश बदलता, ते ग्रॅफाइट वीज नेते म्हणूनच वापरतात. पण तो ब्रश हातातून फरशीवर पडला की त्याचे दोन तुकडे होतात आणि त्याची तार कोणी ओढायला गेला तर हाती काळी पूड येईल. आणि तो हवेत जळाला की जो वायू होतो, तोच सोड्याच्या बाटलीत भरलेला असतो. पाण्यात मिसळल्यावर तो आम्लधर्मी होतो. वीज वगळता बाकीची बहुतेक साक्ष अधातूच्या बाजूने जाते.

तरीही नुसते ‘वीज जाते की नाही’ एवढ्यावर न थांबता ‘तापवल्यावर काय होते’ हे विचारले, तर वीज हाच सर्वांत भरवशाचा साक्षीदार ठरतो. धातू तापला की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे पुस्तकातला रोध, वाढतो. सिलिकॉनसारखा पदार्थ तापला की रोध उतरतो. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन आधीच भरपूर असतात. उष्णतेने अणू अधिक थरथरू लागतात आणि संध्याकाळी दादरच्या पुलावर होते तशी त्या इलेक्ट्रॉनांची वाट अडते. सिलिकॉनमध्ये मुळात मोकळे इलेक्ट्रॉन फार थोडे असतात. उष्णतेने बंधांतून सुटून नवे मोकळे होतात आणि वहन वाढते.

हे मी आपल्याला शिकवायला नको, आपण ते रोज हाताळता. जुना, तारेचा, ६० वॅटचा बल्ब होल्डरमधून काढून, थंड असताना त्याचा रोध मोजून पाहा. मीटर साठ-सत्तर ओहमांच्या आसपास दाखवेल. आता २३० व्होल्टवर तो ६० वॅट घेतो यावरून हिशेब मांडा : २३० चा वर्ग भागिले ६०, म्हणजे सुमारे ८८० ओहम. तीच टंगस्टनची तार, तीच लांबी, आणि पेटल्यावर रोध तेरा-चौदा पटींनी वाढलेला. बल्ब बहुधा बटण दाबतानाच का उडतो, याचे कारणही हेच, की थंड तार पहिल्या क्षणी कितीतरी जास्त प्रवाह ओढते. तांब्याचेही तसेच आहे, फक्त तिथे तापमान एवढे चढत नाही. मोटारीतले वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेचे वेटोळे, ३० अंशांवरून १०० अंशांवर गेले तर त्याचा रोध पाव हिश्शाहून थोडा अधिक वाढतो, आणि मोटार आत किती तापली आहे हे त्यावरूनच काढतात. याच्या उलट वागणे पाहायचे असेल तर एसीतला तापमान ओळखणारा १० किलोओहमचा सेन्सर मीटरला लावून मुलाच्या मुठीत द्या, आकडा खाली येताना तो स्वतः पाहील. तो सेन्सर मूलद्रव्याचा नसून काही ऑक्साइडांचा असतो, त्यामुळे त्याला धातू-अधातूच्या यादीत घालू नये. पण ‘तापले की रोध उतरतो’ म्हणजे काय, ते त्याने नेमके कळते.

ग्रॅफाइट इथेही थोडा त्रास देतोच. पेन्सिलीतल्या किंवा ब्रशमधल्या कार्बनचा रोध तापवल्यावर सहसा किंचित उतरतो, पण ग्रॅफाइटचा अगदी शुद्ध स्फटिक घेतला तर थरांच्या दिशेने तो धातूसारखा वागतो. म्हणजे आपण मुलाला सांगितलेत ते चूक असले, तरी अगदीच पोरकट नव्हते.

अशी सीमेवरची मंडळी अभ्यासकांनाही खुणावत असतात. बिस्मथ हा धातूच मानला जातो, पण त्यात साधारण एक लाख अणूंमागे एकच इलेक्ट्रॉन मोकळा असतो. इतके थोडे इलेक्ट्रॉन असताना तो अतिसंवाहक, म्हणजे शून्य रोधाचा, होणे शक्य नाही असे प्रचलित सिद्धान्तावरून मानले जात होते. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी बिस्मथचा स्फटिक ०.५३ मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्य या सर्वांत नीच तापमानाच्या अगदी उंबरठ्यावर नेऊन, तो अतिसंवाहक होतो हे २०१६ साली दाखवून दिले. परळहून बसने जाता येईल इतक्या अंतरावर हे घडले आहे, एवढे मुलाच्या कानावर घालायला हरकत नाही.

मीटरवर न दिसणारी साक्ष रसायनाची आहे आणि शाळेच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. धातूचा अणू इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो, अधातूचा अणू ते घेतो किंवा वाटून घेतो. भांडुपच्या मिठागरातले मीठ म्हणजे सोडिअमने दिलेला आणि क्लोरिनाने घेतलेला एकेक इलेक्ट्रॉन. याच कारणाने मऊ असूनही सोडिअम धातू, आणि चकाकत असूनही आयोडीन, जो क्लोरिनाचाच भाऊबंद आहे, अधातू. ऑक्साइडाची परीक्षा याच स्वभावावर बेतलेली आहे. धातूंची ऑक्साइडे सहसा आम्लारिधर्मी असतात, अधातूंची सहसा आम्लधर्मी. घरी पाहायचे तर पानाचा चुना घ्या. चुनकळी हे कॅल्शिअम या धातूचे ऑक्साइड, ते पाण्यात विरले की चुना होतो, आणि ओल्या हळदीत चिमूटभर मिसळला की हळद लाल होते. आपल्याकडे कुंकू याच रीतीने करीत आले आहेत. गंधक जाळल्यावर निघणारा धूर ओल्या निळ्या लिटमसला लाल करतो, पण तो घरात करू नये, घसा धरतो. ‘सहसा’ हा शब्द मी मुद्दाम दोनदा लिहिला. जस्त आणि ॲल्युमिनिअम यांची ऑक्साइडे आम्लाशीही जमवून घेतात आणि आम्लारीशीही, तर क्रोमिअम आणि मँगनीज हे धातू असूनही त्यांची भरपूर ऑक्सिजन असलेली ऑक्साइडे आम्लधर्मी असतात.

आवर्तसारणीत आज ११८ मूलद्रव्ये आहेत आणि त्यांतली बहुतांश धातू आहेत. अधातू उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात दाटीने बसलेले दिसतात. मधल्या नागमोडी रेषेलगतच्या बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनिअम, आर्सेनिक, अँटिमनी आणि टेल्युरिअम यांना धातुसदृश म्हणतात. ती रेषा काही निसर्गाने आखलेली नाही, आपण सोयीसाठी ओढलेली आहे, आणि धातुसदृश कोण याविषयी दोन पुस्तकांत एखाददुसऱ्या नावाचा फरक सापडतो. हायड्रोजनाला डाव्या बाजूला सोडिअमच्या डोक्यावर बसवले आहे म्हणून तो धातू होत नाही, एवढे मात्र मुलाला बजावून ठेवा. परीक्षेत तिथे हमखास फसायला होते.

एक गोष्ट पुस्तकात सहसा नसते आणि मला ती फार आवडते, म्हणून लिहितो. माझ्या लहानपणी गिरगावातल्या चाळीच्या चौकात कल्हईवाला भाता लावून बसायचा. पितळेचे पातेले तापवायचा, नवसागराची पूड टाकताच पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो असा काही हात फिरवायचा की पिवळे पातेले आतून आरशासारखे पांढरे व्हायचे. कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक कळकते, म्हणून आया-आज्या त्याची वाट पाहत. ते कथील म्हणजे अस्सल धातू : चकाकणारे, मऊ, वीज नेणारे. पण तेच कथील १३.२ अंशांच्या खाली दीर्घकाळ, विशेषतः कडक थंडीत, राहिले तर त्याची अणुरचना हळूहळू बदलते आणि राखाडी, भुसभुशीत पूड होते. या पुडीतले अणू हिऱ्यातल्या अणूंप्रमाणे मांडलेले असतात आणि ती धातूसारखी वागत नाही. मूलद्रव्य एकच, अणू तेच. एका मांडणीत धातू, दुसऱ्या मांडणीत नाही. कार्बनचेही हिरा आणि ग्रॅफाइट असे दोन अवतार आपण वर पाहिलेच. म्हणून ‘हे मूलद्रव्य धातू आहे’ हे वाक्य म्हणजे रोजच्या तापमानाला आणि दाबाला, त्याच्या नेहमीच्या रूपात, बहुतेक लक्षणे धातूची आहेत, याचे थोडक्यात केलेले रूप समजावे. पितळेला मात्र या वादात ओढू नये. ते तांबे आणि जस्त यांचे संमिश्र आहे, मूलद्रव्य नव्हे.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. गुणांसाठी आपण शाळेत जाऊ नये. चिरंजिवांनीच मधल्या सुट्टीत बाईंना भेटावे आणि ‘ग्रॅफाइटमधून वीज वाहते तरी तो अधातू कसा’ एवढाच एक प्रश्न विचारावा. बाईंनाही तो आवडेल असा माझा अंदाज आहे. यादी पाठ करायला माझा विरोध नाही, कारण परीक्षेत तीन तासांत कोणी कथील थंड करीत बसत नाही. पण यादी पाठ करताना प्रत्येक नावापुढे त्याचे न जुळणारे लक्षण लिहून ठेवायला सांगा. पाऱ्यापुढे ‘द्रव’, सोडिअमपुढे ‘मऊ’, आयोडिनापुढे ‘चकाकी’, ग्रॅफाइटपुढे ‘वीज’. त्याच्या उत्तरपत्रिकेत ही चारही टिपणे आधीच तयार आहेत, फक्त ती कारणाच्या जागेवरून उचलून अपवादाच्या रकान्यात ठेवायची आहेत. वार्षिक परीक्षेत ‘पारा हा धातू आहे, तो चकाकतो, वीज वाहून नेतो, त्याचे अणू इलेक्ट्रॉन देतात, मात्र सामान्य तापमानाला तो द्रव असतो’ असे उत्तर त्याने लिहिले, तर गुण कापायला जागा राहणार नाही.

बल्बचा प्रयोग रविवारी सवडीने करा, पण बल्ब पेटता असेल तर किमान दहा मिनिटे निवू द्या, नाहीतर मीटर भलताच आकडा दाखवेल. तुटलेल्या थर्मामीटरमधला पारा मुलाला दाखवण्याचा मोह टाळावा, त्याची वाफ विषारी असते. आणि पेन्सिल मीटरलाच लावावी. आपण घरी नसताना तो तिची दोन टोके प्लगमध्ये घालून पाहणार नाही, याची तजवीज वायरमनच्या घरात अधिक करावी लागते.